तिसरी हाक

गडचांदूरहून निघालेल्या एसटीत संघप्रिया खोब्रागडेने राजुरा येईपर्यंत दोरीला अकरा गाठी मारल्या आणि अकराही सोडल्या. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. त्याने आपली पिशवी हळूच उचलून मांडीवर घेतली. मागच्या सीटांवर शिबिराला निघालेल्या तिच्या शाळेच्या चौदा मुली निळ्या गणवेशात घसा फोडून गाणी म्हणत होत्या. त्यांना बाईंच्या दोरीचं नवल नव्हतं. गाइडच्या बाई म्हटल्यावर हातात दोरी असायचीच.

पण एरवी ती दोरी शिकवण्यापुरती बाहेर निघे. गेल्या चार दिवसांत ती स्वयंपाकघरात, स्टाफरूममध्ये, इतकंच काय, मुख्याध्यापकांसमोर बसल्यावरसुद्धा संघप्रियाच्या हातात होती. कारण पर्समध्ये एक पत्र होतं. गडचिरोली जिल्ह्यासाठी स्काउट-गाइडची जिल्हा संघटक म्हणून तिची निवड झाली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं आणि आज शुक्रवार होता.

एका शाळेतल्या गाइड मुली सांभाळणं म्हणजे घरच्या चुलीवर भात शिजवणं. जिल्हा संघटक होणं म्हणजे गावजेवण. बारा तालुके. शाळाशाळांतून हिंडायचं, मुख्याध्यापकांना पटवायचं, शिक्षकांना शिकवायचं, शिबिरं भरवायची, परीक्षा घ्यायच्या. भामरागडकडे पोरं गोंडी बोलतात, सिरोंच्याकडे तेलुगू, आणि संघप्रियाला दोन्हींतलं पाणी मागण्यापुरतंही येत नव्हतं. वर्षाला साठ नवी पथकं उभी करायची, असं पत्रात लिहिलं होतं. रविवार नावाचा वार त्या नोकरीत नव्हताच. त्यासाठी गडचांदूरची कायमची मास्तरकी सोडायची, दहा वर्षांच्या उर्वशीला घेऊन गडचिरोलीला बिऱ्हाड करायचं आणि सिमेंट कारखान्यात पाळ्या करणाऱ्या नवऱ्याला मागे ठेवायचं.

सल्ला विचारायला ती कोणाकोणाकडे गेली नाही! मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका." माजरीहून वडिलांनी फोनवर सांगितलं, "तुले शिकवलं ते आम्हाले विचारासाठी नाई." आणि नवरा, प्रफुल, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "तुझं तू पाय."

या तीन शब्दांनी तिचं टाळकं सटकलं होतं. अरे, नको म्हण, हो म्हण, भांडण कर! तिने भांडी आपटली, तो ड्युटीवर निघून गेला. त्यानंतर तो विषय घरात कोणी काढला नाही.

खरं सांगायचं तर तिला ही नोकरी हवी होती. माजरीच्या खाणवसाहतीत ती तेरा वर्षांची असताना शाळेत एक संघटक आले होते. त्यांनी वीस मुलींना गळ्यात बांधायचे स्कार्फ दिले, एक गाठ शिकवली आणि "पुढच्या महिन्यात येतो, दुसरी शिकवतो," म्हणून गेले ते गेलेच. संघप्रियाने त्या एका गाठीवर दोन वर्षं काढली. दर शनिवारी स्कार्फ बांधून ती शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. पुढे कॉलेजात गेल्यावर बाकीच्या गाठी शिकली, पण ते फाटक काही डोक्यातून गेलं नाही. हवंय म्हणूनच तिला भीती वाटत होती. नको असलेली गोष्ट नाकारायला कोणाला दोरी लागते?

शिबिर होतं धानोऱ्याच्या रस्त्यावरून आत सात किलोमीटरवर, येरमटोला नावाच्या गावात. शाळेच्या मागे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की लगेच जंगल. तीन शाळांच्या मिळून बत्तीस मुली जमल्या होत्या. शिबिर चालवणारे, गडचिरोलीचे आताचे जिल्हा संघटक गुणवंतराव या महिनाअखेर निवृत्त होत होते. संघप्रियाचं नाव त्यांनीच सुचवलेलं. बावीस वर्षं जिल्हा पालथा घातलेला माणूस, सारे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी आपल्या गळ्यातली शिटी काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात घातली.

"हे शिबिर तू चालव. मी नुसता चहा पिऊन राह्यतो."

"भाऊ, मी अजून हो म्हटलं नाही."

"मी कुठी विचारलो? शिटी वाजव, पोट्ट्या जेवाच्या राह्यल्या."

शनिवारी सकाळी तिने मुलींना मैदानात बसवून जंगलाचे नियम सांगितले. दोघींची जोडी सोडायची नाही. पुढचीची पाठ दिसली पाहिजे. आणि समजा, हरवलातच, तर पळत सुटायचं नाही. "जिथे असाल तिथलं एक झाड धरायचं आणि बसायचं. हलायचं नाही. आम्ही शोधत येऊ." तिने तो नियम सगळ्यांकडून म्हणवून घेतला. एटापल्लीकडच्या वसतिगृहशाळेतून आलेली रोशनी मडावी नावाची बारकीशी मुलगी पहिल्या ओळीत होती. ती ओठ हलवून नियम पुन्हा पुन्हा घोकत होती. आजीजवळ वाढलेली, फार गुणी, असं तिच्या शिक्षिकेने आदल्या दिवशी सांगितलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर पदभ्रमण निघालं. नाल्यापर्यंत जायचं, पानं गोळा करायची, पगमार्क दिसले तर बघायचे आणि चारच्या आत परत. संघप्रिया सर्वांत पुढे चालत होती आणि मनात सोमवारची बारा वाजताची वेळ मोजत होती. नाल्याशी पोचल्यावर तिने टोळीनायिकांना मोजणी करायला सांगितली. चौघींनी चार वेळा "बरोबर" म्हटलं. स्वतः मोजायचा तिचा शिरस्ता होता. त्या दिवशी तिने मोजलं नाही. नाल्याकाठच्या दगडावर बसून ती पत्राचं उत्तर मनात लिहीत होती, एकदा होकाराचं, एकदा नकाराचं.

शाळेच्या मैदानात परत आल्यावर तिने मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीस. रोशनी मडावी नव्हती. तिच्या जोडीदारणीला वाटलं होतं, ती पुढच्या टोळीत गेली. पुढच्या टोळीला वाटलं, ती मागे आहे.

पावणेचार वाजले होते. जानेवारीतला सूर्य सहाच्या आत जातो, आणि त्या जंगलात अस्वलं होती. मोठं जनावरही महिन्याभरापूर्वी दिसलं होतं. संघप्रियाला शिकलेलं कामाला आलं. दोन शिक्षिकांना तिने मुलींजवळ ठेवलं. गुणवंतराव मोटरसायकल घेऊन जंगलाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने गेले. ती स्वतः आल्या वाटेने उलट निघाली, अगदी पुस्तकात सांगितलंय तशी. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, एक खणखणीत हाक मारायची, दहा आकडे मोजेपर्यंत कान द्यायचा आणि पुढे. वेळ थोडा होता आणि जंगल मोठं. एका जागी रेंगाळायला सवड नव्हती.

"रोशनी मडावी!"

एक, दोन, तीन... दहा. काही नाही. पन्नास पावलं. "रोशनी मडावी!" कुठेतरी रानकोंबडी फडफडली. पुन्हा पन्नास पावलं. ती हजेरी घेतल्यासारखी अख्खं नाव घेत होती आणि दर हाकेला आवाज जास्त चिरकत होता. नाल्यापर्यंत गेली तेव्हा तिच्या तेवीस हाका झाल्या होत्या आणि एकीलाही उत्तर नव्हतं.

नाल्यातलं पाणी तिच्या नजरेला पडलं. गुडघाभरही पाणी नव्हतं त्यात, पण ती काठाकाठाने धावत सुटली. मनात एकच चाललं होतं. एका दिवसाला शिटी गळ्यात पडली आणि लोकांचं लेकरू हरवून बसलीस. बारा तालुके मागतेयस?

तेवढ्यात मागून कोणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं. स्वयंपाकाला आलेली गावातली अंजनाबाई होती. चुलीवरचं उतरवून, हातात विळा घेऊन ती निघाली होती. या रानात ती लहानपणापासून मोहफुलं वेचत आलेली.

"मॅडम, मी मांगूनच येऊन राह्यली व्हती. तुमच्या हाका आयकत." तिने कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. "एक एक हाक काऊन मारून राह्यल्या?"

"म्हणजे?"

"एक हाक मारता न् चालाले लागता. रानात पयल्या हाकेले कोनी ओ देते का, बाई?"

अंजनाबाईने शाळेतल्या पोरीला समजवावं तसं सांगितलं, "पयली हाक कोनाची बी असते. दुसरी बी असू शकते. रानातलं जे काई असते ना, ते मानसाच्या आवाजात बलावते. पन तिसरी हाक फक्त मानूस मारते. त्याईले तेवढा दम नसते. आमाले आईनं हेच शिकवलं, आमी लेकराईले शिकवलो. त्या पोरीच्या आजीनं काई येगळं शिकवलं असन का?"

एरवी संघप्रियाने तिला तिथल्या तिथे धारेवर धरलं असतं. तिच्या वडिलांचं घर असल्या गोष्टींचं नव्हतं. ते शाळामास्तर; कोणी भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "दाखव कुठी हाय, हजेरीत नाव घालतो त्याचं." त्या घरात ती वाढली आणि म्हणूनच हा नियम तिला माहीत नव्हता. जंगलाचे बाकीचे सगळे नियम तिने मुलींना शिकवले होते, आणि मुली आपल्या घरून कोणते नियम घेऊन आल्यात हे एकीलाही विचारलं नव्हतं.

ती वळली. तेवीस जागा पुन्हा, या वेळी नाल्याच्या टोकापासून.

पहिल्या जागी दोघींनी मिळून तीन हाका मारल्या, नुसतं "रोशनी" म्हणून. काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. सूर्य सागाच्या शेंड्याला टेकला होता. पाचव्या जागी तिसऱ्या हाकेला संघप्रियाचा आवाज फाटला आणि तिला खोकला आला. सहाव्या जागी ती थांबली, घसा खाकरला.

"रोशनी!"

दहा आकडे.

"रोशनी!"

पुन्हा दहा. पाय पुढे जायला ओढत होते. अंजनाबाईने तिच्या दंडाला धरून ठेवलं.

"रोशनी गं!"

"ओ!"

वाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर, झुडपांच्या मागे, मोहाच्या झाडाला मिठी मारून ती बसली होती. डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवलेली. काटा काढायला बसली आणि ओळ पुढे निघून गेली, एवढंच झालं होतं. तोंड रडून सुकलं होतं, पण झाड तिने सोडलेलं नव्हतं.

संघप्रियाने तिला उराशी धरलं. मग तिने विचारलं, "मी मघाशी इथूनच गेले गं. ऐकलं नाहीस?"

"आयकलो, बाई."

"मग?"

"एकच हाक व्हती." पोरीने नाक पुसलं. "मी दुसरीची वाट पायली. मंग तुमी गेल्या."

सकाळी सांगितलं तसं झाड धरलं होतं, आजीने सांगितलं तसं तोंड मिटलं होतं. दोघींचंही ऐकणारी गुणी पोर त्या दोन नियमांच्या मध्ये अडकून बसली होती. संघप्रियाने तिला पाठीवर घेतलं आणि शाळेपर्यंत खाली उतरवलं नाही.

संध्याकाळी मुली जेवायला बसल्या तेव्हा ती गुणवंतरावांजवळ गेली आणि गळ्यातली शिटी काढून त्यांच्यासमोर धरली. "माझ्याच्यानं नाही होणार, भाऊ. मी मोजणी केली नाही. अंजनाबाई नसती तर..."

"चूक झाली. मोठी झाली," गुणवंतराव म्हणाले. "पोरीच्या शाळेले तू स्वतः सांगजो, लपवजो नको. पन शिटी मी घेत नाई."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "मी आज चार वळणावर चार हाका मारलो. गाडी बंद बी केलो नाई. हाक मारली न् पुढे." ते हसले, पण हसू काही जमलं नाही. "बावीस वर्षं मी हेच केलो, संघप्रिया. साठ पथकं म्हनलं की साठ शाळेत गेलो. स्कार्फ वाटलो, नाव नोंदवलो, फोटो काढलो, चाललो पुढच्या गावाले. पुढच्या साली जाऊन पायलं तं दहा बी जित्ती नसत. मी म्हनो, लोक ओ देत नाई. लोकाइले कायची सवड? आज त्या पोरीनं मले सांगतलं काऊन देत नाई ते."

संघप्रियाला माजरीचं फाटक दिसत होतं. इतकी वर्षं त्या माणसाचा तिला राग होता, आपल्याला विसरला म्हणून. तो विसरलाही नसेल. त्याच्याही डोक्यावर साठ शाळा असतील.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि ही तळमळ आधीच्यापेक्षा वाईट होती. काल होकार आणि नकार समोरासमोर सारखे बसले होते. आता होकार उठून तिच्याजवळ आला होता आणि नकाराला मात्र जास्त चांगली कारणं मिळाली होती.

रविवारी सकाळी तिने रोशनीच्या शिक्षिकेच्या फोनवरून तिच्या मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. ते खूप बोलले. तिने ऐकून घेतलं. मग चौदा मुलींना घेऊन ती निघाली आणि चंद्रपूरला गाडी बदलून संध्याकाळी गडचांदूरला पोचली.

उर्वशी शेजारी खेळायला गेली होती. प्रफुल घरी होता. सकाळच्या पाळीहून येऊन त्याने भात टाकला होता आणि आता वांगी चिरत होता. त्याच्या भुवयांत सिमेंटची पूड अजून होती. संघप्रियाने पिशवी ठेवली आणि उभ्या उभ्याच रोशनीची सगळी हकीकत सांगितली. तो चिरायचा थांबला. "सापडली ना पन?" त्याने दोनदा विचारलं. "बरं झालं बापा." आणि पुन्हा वांग्याकडे वळला.

तिने हातातली दोरी ओट्यावर ठेवली.

"मी घेऊ का ही नोकरी?"

"तुझं तू पाय."

नेहमी ती याच ठिकाणी पाठ फिरवी. आजही पाय तसेच वळायला निघाले. पण तिने ओट्याला धरलं आणि मनात दहा आकडे मोजले.

"मी घेऊ का ही नोकरी?"

प्रफुलने विळी बाजूला केली. "उर्वशीची शाळा बदलावी लागन. तिथी खोली पायजे. तुले सिरोंच्याले जाचं असलं तर पोरीजवळ कोन? तिले पायाले मी आठवड्यात एक दिवस येईन, पन माझ्या पाळ्या..." तो बोलत बोलत थांबला. हे सगळं तिच्या यादीतही होतं. तो जिथे थांबला तिथेच एरवी दोघं थांबत.

एक, दोन, तीन. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. दहा.

"मी घेऊ का?"

प्रफुल खाली बघूनच म्हणाला, "मी नको म्हनलो तर तू थांबशील. मले मालूम हाय. थांबशील न् जिंदगीभर मनातल्या मनात मले बोलशील. हो म्हनलो तर ह्या घराचं काय करू मी? ड्युटीवरून आलो न् कुलूप उघडलो न् आत कोनीच नाई. मले भेव लागते, संघा. एवढ्या मोठ्या मानसाले भेव लागते म्हनून कसं सांगू? म्हनून म्हनतो तुझं तू पाय."

बारा वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडून हे कधी ऐकलं नव्हतं. विचारलंही नव्हतं, निदान तीनदा तरी नाही. ती त्याच्या शेजारी खाली बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"साठ पथकं नाही घेणार," थोड्या वेळाने ती म्हणाली. "वीस घेईन आणि प्रत्येक शाळेत वर्षातून तीनदा जाईन. तसं पत्रात लिहीन. त्यांना चालत नसेल तर राहिलं. आणि पंधरा दिवसांतून एक रविवार मी इथे. तेही लिहीन."

"रविवार देनार नाई थे लोक."

"नाही दिला तर ती माझी नोकरी नाही."

प्रफुलने मान वर केली. डोळे लाल होते, पण ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं. "म्हन्जे तू जातं."

"हो."

"एका हाकेले मी नाई मानत," तो म्हणाला. "आत्ताच सांगितलं ना तू. तीनदा म्हन."

पहिला हो तिच्या तोंडून ऐटीत गेला होता, फाटकाशी उभ्या राहिलेल्या पोरीचा. तिने दुसऱ्यांदा म्हटलं, "हो," आणि म्हणताना तिला नाला आठवला, मोजलेले एकतीस आठवले, आवाज खाली आला. प्रफुल वाट बघत होता. त्याने घाई केली नाही. तिने त्याच्या भुवयांतली सिमेंटची पूड अंगठ्याने पुसली, दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"हो," ती म्हणाली.

"बरं," प्रफुल म्हणाला आणि उरलेली वांगी तिच्याकडे सरकवली.